तेल बदललंय

इंजिनाचं तेल बदला म्हटलं की गिऱ्हाईक फारशी कुरकूर करत नाही. जुनं तेल काळं आणि नवं मधासारखं, त्यामुळे पैसे कुठे गेले ते डोळ्यांना दिसतं. कूलंटचंही तसंच आहे. आमच्याकडे जानेवारीत उणे अठराला पारा जातो, तेव्हा रेडिएटरमध्ये नुसतं पाणी ठेवणारा माणूस एकाच हिवाळ्यात शहाणा होतो. ब्रेक ऑइलसाठी थोडं भांडावं लागतं, पण घाटात एकदा पाय खोल गेला की तोही माणूस स्वतःहून येतो. या सगळ्या गोष्टी बिघडायच्या आधी काही ना काही बोलतात, म्हणजे आवाज करतात, वाफ सोडतात, वास मारतात.

टायमिंग बेल्ट बोलत नाही. इंजिनाच्या पुढच्या बाजूला झाकणाखाली हा दातेरी रबरी पट्टा असतो आणि वरची-खालची चक्रं एका तालात फिरवतो. ऐंशी हजार किलोमीटर झाले की तो बदलायचा, नाहीतर एक दिवस तुटतो आणि इंजिन जागच्या जागी बंद पडतं. गाडी झकास पळत असते, आवाज नाही, धूर नाही, आणि आपण म्हणायचं की आतला पट्टा बदला, एक लाख ऐंशी हजार वोन द्या. गिऱ्हाईक आधी आपल्याकडे बघतं, मग गाडीकडे, मग परत आपल्याकडे. वॉनतोंग या डोंगरातल्या गावात माझं गॅरेज आहे त्याला सदतीस वर्षं झाली. ही नजर मी हजारो वेळा झेललीय आणि मला तिचा राग येतो. मी मुळात रागीट आहे. बायको म्हणते, तुझ्या नाकावर राग नाही, तुझं नाकच रागाचं आहे.

या रागापायी मी काय केलं, ते सांगायचंय.

हाम दोकसू माझा लहानपणापासूनचा मित्र. वरच्या योंगदे गावात त्याचं मासे वाळवायचं अंगण आहे. डिसेंबरात समुद्राकडून पोलॅक मासा यायचा, तो लाकडी मांडवांवर जोडी-जोडीने टांगायचा, रात्री गोठवायचा, दिवसा उन्हात सोडायचा, असं मार्चपर्यंत चालायचं. त्याचे आजोबा हेच करायचे, वडीलही. एका मोसमात दोकसूच्या हातून हजारो माशांच्या जोड्या बांधल्या जायच्या. त्या घरची गाठ वेगळी होती, दोन वेढे देऊन खालून ओढलेली. मांडव वाऱ्याने हलला तरी मासा हलत नसे.

वडील लवकर गेले. घरात दोकसू, त्याची बायको हेसुक वहिनी आणि आई. धाकटी बहीण लग्न होऊन छुनछन शहरात होती. दोकसूच्या आईने मला शाळेच्या दिवसांत इतकं जेवू घातलंय की माझ्या हाडांत निम्मी तिची आमटी असेल. माझी आई आजारी असायची, मी शाळेतून थेट त्यांच्याकडे जायचो. ती विचारायची नाही. माझा वाडगा तिने आधीच मांडलेला असायचा.

दोकसूकडे एक टनी ट्रक होता, निळा. आमच्याकडे गाडी घेतली की पूजा होते, डुकराचं मुंडकं ठेवायचं, चाकांवर माक्कोली, म्हणजे तांदळाची दारू, ओतायची आणि पांढऱ्या सुताची लड गुंडाळलेला सुका मासा गाडीत बांधायचा. तो मग कुणी सोडत नाही. बाकीचे लोक बाजारातून मरतुकडा मासा आणतात. दोकसूने मात्र अंगणातला सगळ्यात देखणा मासा निवडला होता आणि सीटखाली, इंजिनाच्या अगदी डोक्यावर, पट्ट्याच्या झाकणाला आडवा बांधला होता. इंजिन तापलं की केबिनमध्ये मासा भाजल्याचा वास सुटायचा.

"अरे, बांधायला दुसरी जागा नाही मिळाली?" मी विचारलं होतं.

"इंजिनाला राखायचं तर इंजिनाजवळच नको का? तुला काय, भूक लागते वाटतं वासाने?"

"झाकण काढायची वेळ आली की काय करू?"

"काढूच नकोस. मासा आहे ना बघायला."

सत्त्याण्णवच्या वसंतात मी गॅरेजमध्ये गाडी उचलायची नवी लिफ्ट बसवली. बारा वर्षं खड्ड्यात उतरून काम केलं होतं, गुडघे गेले होते. लिफ्ट आली त्या दिवशी मी तिची पूजा घातली. गल्लीतले सगळे आले, स्टँडवरचे बसवाले आले, योंगदेहून दोकसू आईला आणि वहिनीला घेऊन आला. मासा अर्थातच त्याने आणला. डुकराच्या तोंडात लोकांनी नोटा खोचल्या, माक्कोलीचे पेले फिरले. मी खुशीत होतो. दोकसूच्या ट्रकचा किलोमीटरचा आकडा मी तो आल्या आल्याच पाहिला होता, ब्याऐंशी हजार.

मी सगळ्यांसमोर मोठ्याने म्हणालो, "दोकसू, या लिफ्टवर पहिली गाडी तुझी. सोमवारी घेऊन ये, पट्टा बदलू. ऐंशी हजार उलटून गेलेत."

दोकसूला तोवर चांगली चढली होती. तो मुंडक्याकडे बोट दाखवून म्हणाला, "ऐकलंत का? आज याचं मुंडकं मांडलंय, सोमवारी माझं. लिफ्टचे पैसे कुठून तरी निघायला नकोत का! हा माझा जिगरी दोस्त बरं का, मेलेल्याच्या टाळूवरचं लोणी खाईल, पण आधी मित्राच्या टाळूवरचं!"

सगळे हसले. बसवाले तर मांड्या थोपटून हसले. माझी बायकोही हसली, ते मला जास्त लागलं. मीही हसल्यासारखं केलं आणि पेला तोंडाला लावला. पेल्याआड माझे कान तापले होते. त्या गल्लीत बारा वर्षं मी एकाही माणसाचा चांगला चालणारा सुटा भाग उगाच बदललेला नव्हता. आणि आज माझ्याच दारात, माझ्याच पूजेत, माझ्याच मित्राने मला खाटीक ठरवलं.

त्याची आई बाजूला बसली होती. तिने ते सगळं पाहिलं. निघताना माझा हात धरून हळू आवाजात म्हणाली, "गिबोम बाळा, त्याच्या तोंडाकडे बघू नकोस. त्याचं तोंड त्याच्या बापावर गेलंय. तू गाडीकडे बघ."

"हो आई," मी म्हणालो.

पण मनात मी ठरवून टाकलं होतं. आता या माणसाला पट्ट्याबद्दल एक अक्षर बोलायचं नाही. त्याने स्वतः विचारलं पाहिजे. 'गिबोम, पट्टा बघ बाबा,' असं त्याच्या तोंडून आलं की मग बघू.

तो सोमवारी आला नाही. पुढच्या आठवड्यातही नाही. महिन्याभराने तेल बदलायला आला तेव्हा तो पूजेतली थट्टा साफ विसरला होता. तसा तो माणूसच होता, बोलायचा आणि विसरायचा. गॅरेजमध्ये घुसला, कागदी पेल्यात कॉफी केली, माझ्याही हातात एक दिली, बहिणीच्या सासूची नक्कल केली. मी तेल बदललं, फिल्टर बदललं, आणि गप्प राहिलो.

त्या वर्षाअखेर देश बुडायला आला. आयएमएफकडून कर्ज घ्यावं लागलं ते वर्ष. कारखाने बंद पडले, लोकांनी लग्नातल्या अंगठ्या सरकारला दिल्या. गाड्यांवर खर्च करणं तर सगळ्यांनीच सोडलं. माझ्याकडे येणारा प्रत्येक जण म्हणायचा, फक्त तेल, बाकी काही नको. कूलंट आहे तेच राहू दे, ब्रेक ऑइल पुढच्या वर्षी, फॅनचा पट्टा ओरडतोय तर ओरडू दे. मी भांडायचो. एकाला तर मी किल्लीच परत दिली, म्हटलं, जा, दुसरीकडे मर. सगळ्यांशी भांडलो. दोकसूशी मात्र नाही. तो यायचा, मी तेल बदलायचो, आकडा बघायचो, आणि मनात म्हणायचो, विचार की. एकदा विचार.

अठ्ठ्याण्णवच्या नोव्हेंबरात तो चौथ्यांदा आला. दोन-तीन आठवड्यांत मासे टांगायचा मोसम सुरू होणार होता. आकडा एक लाख बारा हजारावर गेला होता. "जरा बाजारात जाऊन येतो, मीठ घ्यायचंय," असं म्हणून तो गेला. मी तेल काढलं, नवं भरलं, कूलंट कमी होतं ते वर भरलं. मग उभा राहिलो. हात पुसत होतो पण ते कधीच पुसून झाले होते.

मी सीट उचलली. मासा तिथेच होता, उष्णतेने तपकिरी झालेला, सुताची लड काळवंडलेली. ती सोडल्याशिवाय झाकण निघणार नव्हतं. पूजेची गाठ सोडू नये हे मला माहीत होतं. तरी सोडली. जमत नव्हती, नखांनी सोडवावी लागली. वरच्या झाकणाचे स्क्रू काढले आणि बॅटरीच्या उजेडात आत पाहिलं.

पट्ट्याच्या पाठीवर आडव्या भेगा होत्या, सुकलेल्या शेतजमिनीसारख्या. कडेचे धागे सुटले होते. हाताने थोडं फिरवलं तर एका दाताच्या मुळाशी फाटलेलं दिसलं. असा पट्टा आणखी दहा हजार चालेल किंवा घरी जातानाच तुटेल, कुणी सांगू शकत नाही.

मी झाकण लावलं. मासा जागेवर ठेवला, लड गुंडाळली, आणि मला येते तशी गाठ मारली.

दोकसू परतला तेव्हा त्याच्या हातात कागदी पिशवी होती. कोपऱ्यावरच्या गाडीवरचे माशाच्या आकाराचे गोड पाव, आत लाल पुरण घातलेले. "घे, गरम आहेत. शेपटीकडून खा, तोंडाकडून नको, जीभ भाजेल." स्वतः तोंडाकडून खाल्ला आणि भाजून घेतलं. मग तोंडाने हवा आत ओढत, ट्रकच्या दारावर थाप मारून म्हणाला, "सगळं ठीक ना?"

हा प्रश्न मी नंतर किती वेळा ऐकला असेल, काही गणती नाही. झोपेतही ऐकलाय.

त्याने विचारलं होतं. मी दीड वर्ष ज्याची वाट बघत होतो, ते त्याने विचारलंच होतं. पण त्यात 'पट्टा' हा शब्द नव्हता. मला तो शब्द हवा होता. आणि खरं सांगायचं तर शब्दही नाही, मला त्याची माफी हवी होती.

"तेल बदललंय," मी म्हणालो.

"शाब्बास," तो म्हणाला आणि गेला. गरम पाव माझ्या हातात होता. तो मी खाल्लासुद्धा.

जानेवारीत दोकसूच्या आईला दम्याने धरलं. छुनछनच्या मोठ्या दवाखान्यात ठेवलं, बहीण जवळ होती. दोकसू एक दिवसाआड जाऊन यायचा. मोसमाचा भर, अंगणात हजारो मासे लटकलेले, वहिनी आणि तो दोघंच. डॉक्टर म्हणाले, धोका टळलाय. मीही एकदा जाऊन आलो. आई नाकात नळी असतानाही मला म्हणाली, "जेवलास का?"

सव्वीस तारखेला सकाळी नऊला बहिणीचा फोन आला, दादा, लगेच निघ. दोकसू रबरी बूट न काढता, हातमोजे घालूनच ट्रकमध्ये बसला. वहिनीही बसली. आमच्यात आईबापाच्या शेवटच्या श्वासाला मुलगा जवळ असला पाहिजे. एकुलता एक मुलगा तर असलाच पाहिजे. तो नसला तर माणूस पुढचं सगळं आयुष्य 'तो वेळेवर पोचला नाही' म्हणून जगतो. आणि आईलाही तसंच जावं लागतं, दाराकडे बघत.

सिन्नमच्या पुढे, तळ्याच्या वळणांवर, ट्रक बंद पडला. धक्का नाही, धूर नाही, नुसता बंद. वहिनी सांगत होती, रेडिओ चालूच होता, म्हणून पहिल्यांदा कळलंच नाही. दोकसूने किल्ली फिरवली, इंजिन फिरल्यासारखं करायचं पण पकडायचं नाही. पंधरा मिनिटं तो किल्लीच फिरवत राहिला. मग रस्त्याच्या मधोमध उभा राहिला. आदल्या दिवशी बर्फ पडलं होतं, गाड्या कमी होत्या. दोन गाड्या न थांबता गेल्या. लष्कराचा एक ट्रक थांबला, पण त्या पोराने हात जोडून सांगितलं की साधी माणसं घ्यायची परवानगी नाही. सव्वा तासाने दारूच्या बाटल्या पोचवणारा एक टेम्पो थांबला, एकालाच जागा होती. दोकसू गेला.

वहिनी चालत दुकानापर्यंत गेली आणि तिथून मला फोन केला. "भावोजी, ट्रक अचानक बंद पडला. काय झालं असेल हो?"

मी फोन धरून उभा राहिलो. मला बघायची गरज नव्हती.

मी ओढायची गाडी घेऊन निघालो, वहिनीला आधी छुनछनला सोडलं, मग परत येऊन ट्रक आणला. दोकसू दवाखान्यात पोचला तेव्हा आईला जाऊन पंचवीस मिनिटं झाली होती. पांघरुणाखाली हात अजून कोमट होता म्हणे. हे मला वहिनीने सांगितलं. आणखी एक गोष्ट तिने सांगितली, अंत्यविधीच्या जागी, शोकाला आलेल्यांना आमटी वाढता वाढता. आईला त्या ट्रकचा आवाज ओळखता यायचा. शेवटच्या तासाभरात तिने मुलीला तीनदा विचारलं, "आला का गं ट्रक?" खिडकीखाली कुठलीही गाडी आली की मान वळवायची. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा मुलीने खोटंच सांगितलं, "आला आई, खाली लावतोय." मग ती गेली.

मी आमटीचा वाडगा खाली ठेवला. आमटी अगदी आईच्या हातच्यासारखी झाली होती, मुळा जास्त घातलेली.

दोकसू तागाच्या शोकवस्त्रात उभा होता, डोळे सुजलेले. लोक विचारत होते, ट्रकला झालं काय. तो प्रत्येकाला सांगत होता, "पट्टा तुटला. गिबोमने मला सांगितलं होतं. सगळ्यांसमोर सांगितलं होतं. मी गाढव, मी थट्टा केली." बसवाले माझ्याकडे वळून मान हलवत होते, जणू मी मोठा ज्ञानी. एकाने माझ्या पाठीवर हात ठेवला. तो हात झटकून मी ओरडायला हवं होतं. मी खाली बघत बसलो.

चौथ्या दिवशी तो गॅरेजमध्ये आला. तुटलेला पट्टा मी काढून बाकावर ठेवला होता. इंजिनातले व्हॉल्व्ह वाकले होते, मोठं काम होतं. झाकण काढलेलं होतं, मासा मी लडीसकट बाजूला एका खोक्यात ठेवला होता, गाठ न सोडता, वेढा अख्खाच सरकवून. दोकसूने पट्टा उचलला नाही. मासा उचलला. बराच वेळ हातात धरून उभा राहिला, अंगठ्याने लडीवरून फिरवत. मला वाटलं आईची आठवण काढतोय.

"दोकसू," मी म्हणालो.

"हं?" त्याने माझ्याकडे पाहिलं. सरळ पाहिलं, आणि थांबला.

"याचे मी पैसे घेणार नाही."

"घे," तो म्हणाला. "कामाचे पैसे घ्यावेत माणसाने." मासा खोक्यात ठेवून तो निघून गेला.

पुढे तो येत राहिला. सहा महिन्यांनी, पाच महिन्यांनी, तेल बदलायला. लोकांसमोर विषय निघाला की तेच सांगायचा, गिबोमचं ऐका, मी ऐकलं नाही. त्याच्या त्या एका वाक्याने माझा धंदा दुप्पट झाला. आख्ख्या खोऱ्यातून लोक पट्टा बदलायला यायला लागले, घासाघीस न करता. सणाला वीस माशांची जुडी दर वर्षीसारखी घरी यायची. फक्त तो आता कॉफी घेत नसे. बाहेर ट्रकशेजारी उभा राहायचा, हात खिशात घालून, आणि काम झालं की माझ्याकडे बघायचा. मी किल्ली द्यायचो. मनात म्हणायचो, पुढच्या वेळी सांगू. आईचं वर्षश्राद्ध होऊ दे, मग सांगू. मोसम संपू दे, मग. मला वाटायचं त्याचं दुःख अजून ओलं आहे, त्यावर आणखी कशाला घाव घालायचा. मी स्वतःला असं बरंच काही सांगत होतो.

दोन हजार चारच्या वसंतात त्याने नवा ट्रक घेतला. पूजा त्याच्याच अंगणात होती, मोसम संपून मांडव रिकामे झालेले. मी ठरवून गेलो होतो. म्हटलं, या ट्रकचा पट्टा जन्मभर मी बदलणार, फुकट, आणि आज त्याला सगळं सांगणार. दोकसूने सीट उचलून इंजिन दाखवलं. मी वाकून पाहिलं, हात घालून पाहिला.

"यात पट्टा नाही," मी म्हणालो.

"हो, विकणारा म्हणाला. साखळी आहे. बदलायला लागतच नाही म्हणे."

"लागत नाही."

मी तसाच वाकून राहिलो. पाच वर्षं मनात जपलेला बेत होता तो. लोक मुंडक्याभोवती हसत होते, वहिनी पेले भरत होती. दोकसूने खिशातून पांढऱ्या सुताची लड काढली आणि माशासकट माझ्यापुढे धरली.

"तू बांध."

"मी? मला नाही येत तुझ्यासारखी गाठ."

"माहितीये," तो म्हणाला. "तुझी गाठ मी पाहिलीये."

मी सरळ झालो. त्याचा चेहरा शांत होता.

"मी लाखभर मासे बांधलेत, गिबोम. माझ्या गाडीतली गाठ मी ओळखणार नाही? त्या दिवशी खोक्यातनं मासा उचलला, आणि हाताला कळलं. ही माझी नाही."

"नोव्हेंबरमध्ये," मी म्हणालो. "तू मीठ आणायला गेला होतास. मी झाकण उघडलं. भेगा होत्या. सगळं दिसलं मला. आणि तू विचारलंस..."

"सगळं ठीक ना."

"हो."

"आणि तू म्हणालास, तेल बदललंय."

मागे कुणीतरी मोठ्याने गायला सुरुवात केली. वहिनीने त्याला गप्प केलं, मुंडक्यासमोर गातात का म्हणून.

"मग लोकांना का सांगत होतास, मी सांगितलं होतं म्हणून?" मी विचारलं.

"सांगितलं होतंस ना. एकदा. ते खोटं नव्हतं." त्याने लड हातात फिरवली. "आणि गिबोम, त्या आठवड्यात आई गेली होती. त्याच आठवड्यात तूही गेलास असं मला लोकांना सांगायचं नव्हतं."

"मला तरी बोलायचंस. शिवी द्यायचीस. थोबाडीत मारायचीस."

"वाटलं, तू सांगशील. दर वेळी तेल बदलायला येताना वाटायचं, आज सांगेल. मी बाहेर उभा राहायचो ना, कॉफी सोडून? म्हटलं आत इतर लोक असतात, बाहेर एकटा सापडलो तर बोलेल." "किती वेळा आलो रे?"

"अकरा," मी म्हणालो. मला पाठ होतं.

"अकरा," तो म्हणाला.

मला रडू आलं. साठीला आलेला माणूस, हाताला ग्रीस, डुकराच्या मुंडक्यापासून चार पावलांवर. तो माझ्या जवळ आला नाही आणि दूरही गेला नाही. "तिने तीनदा विचारलं," तो म्हणाला. "तुला माहितीये?"

"वहिनीने सांगितलं."

"मी नव्हतं सांगितलं तुला." मग त्याने मासा माझ्या हातात दिला. "बांध आता. लोक वाट बघतायत."

मी बांधला. गाठ ढिली बसली. त्याने ओढून पाहिली आणि सीट खाली टाकली. ती गाठ त्याने बदलली नाही. ट्रकची सीट उचलली की मी अजून बघतो.

आता आम्ही दोघंही सत्तरीपलीकडे गेलोय. लिफ्ट कुरकुरते, माझे गुडघेही. दोकसू अजून येतो, तेल बदलायला. कॉफी त्याने परत कधी घेतली नाही. काम झालं की ट्रकच्या दारावर थाप मारून म्हणतो, "सगळं ठीक ना?" आणि मी सांगायला लागतो. इंजिन ऑइल बदललं. कूलंट पाहिलं, अजून वर्षभर चालेल. ब्रेक ऑइल काळपट झालंय, हिवाळ्याआधी बदलू. फॅनच्या पट्ट्याला बारीक भेग आहे, आज नाही पण पुढच्या वेळी नक्की. पॉवर स्टीअरिंगचं तेल ठीक. मागच्या डाव्या चाकाचा ब्रेक थोडा घासलाय. कधी पंधरा मिनिटं लागतात, कधी वीस. वाट बघणारी गिऱ्हाइकं कंटाळून बाहेर जातात. मी सगळं सांगतो, छोट्यातलं छोटंसुद्धा, आणि तो हात खिशात घालून शेवटपर्यंत ऐकून घेतो.